दिपमालाच्या पेशी

पाचोऱ्यात कुणाकडे लग्न ठरलं की आधी मंडपवाल्याची तारीख बघायची आणि मग दिपमालाची. मंडपवाले गावात पुष्कळ होते, पण खापरावरचे मांडे करावेत ते दिपमालानेच, असं बाया म्हणायच्या. पुरण भरलेला उंडा ती पोळपाटावर जेमतेम लाटायची, पुढचं सगळं काम हातांवर. या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपराकडे झुलवत झुलवत मांडा इतका मोठा आणि पातळ करायची की पलीकडचा जाळ त्यातून दिसावा. मग पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर तो असा टाकायची की एक सुरकुती पडायची नाही.

तिचं माहेर साक्रीकडचं, कान नदीच्या काठचं लहानसं खेडं. नवरा ज्ञानेश्वर बाजार समितीत मापाडी. एकुलता एक मुलगा प्रेमराज. संसार बेताचा, पण हसताखेळता. आणि घरात एक गोष्ट फार आधीपासून ठरलेली होती. प्रेमराजला मामाची मुलगी करायची. मामा म्हणजे दिपमालाचा धाकटा भाऊ रविंद्र, आणि मुलगी म्हणजे पुनम. पुनमच्या बारशालाच दिपमालाने तिच्या पायात चांदीचे वाळे घातले आणि "ही माझी सून" म्हणून टाकलं. त्यात कुणाला वेगळं काही वाटलं नाही. दिपमालाच्या वडिलांनीही मामाचीच मुलगी केली होती.

दिपमालाने तिशी नुकतीच ओलांडली होती तेव्हा आजार आला. तो हातात नाही, पायात आला. बाजारातून परतताना डाव्या पायाची बोटं आत वळायची, टाच उचलली जायची आणि ती भिंतीला धरून उभी राहायची. रात्री झोपली की सकाळी पाय अगदी सरळ. सकाळभर झाडलोट, पाणी, स्वयंपाक सगळं उरकायची आणि दुपार कलली की पुन्हा तेच. या सकाळ-संध्याकाळच्या फरकानेच तिचा घात केला. दिसणाऱ्या दुखण्याला लोक मान देतात, येणाऱ्या-जाणाऱ्या दुखण्यावर विश्वास ठेवत नाहीत. "सकाळी पळते आणि कामाच्या वेळी लंगडते," असं गल्लीत बोललं जाऊ लागलं. तिच्या कानावर ते यायचं. मग ती लग्नाच्या घरी जायला सकाळची वेळ मागून घेऊ लागली.

उपाय काय कमी झाले? हाडवैद्याने तेल चोळलं. एकाने नस दबली म्हणून पट्टा दिला. भगताने लिंबू उतरवला. एका मोठ्या दवाखान्यात ताकदीच्या गोळ्या मिळाल्या आणि वर "टेन्शन घेऊ नका" असा सल्ला. परतीच्या एसटीत तिने ज्ञानेश्वरला विचारलं, "मी कसलं टेन्शन घेते हो?"

वर्षं अशीच गेली. प्रेमराज आयटीआय करून कापसाच्या जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून लागला. दिपमालाचा डावा हात हळूहळू आखडत गेला. मग एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी, सगळ्या बायका चुलीभोवती बसलेल्या असताना तिच्या हातावरचा मांडा मधोमध फाटला आणि पुरण राखेत पडलं. दुसरा घेतला, तोही फाटला. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी हसत-खिदळत होत्या, त्या वळून बघू लागल्या. रविंद्र ओट्यावरून उठून आला. "आक्का, तुले काय व्हयनं?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "काही नही रे, हात ओला शे."

पुनम तेव्हा धुळ्याला देवपुरात वसतिगृहावर राहून बी.एस्सी. करत होती. सणाला घरी आलेली. संध्याकाळी ती आत्याजवळ येऊन बसली.

"आत्या, तू माझ्यावर रागावली आहेस का?"

"मी? का गं?"

"आल्यापासून तू एकदाही हसली नाहीस. आता बोलतेस तीसुद्धा प्रेमाने, पण तुझा चेहरा हलतच नाही. आणि चालताना तुझा डावा हात लोंबता राहतो. उजवा हलतो, डावा नाही."

इतक्या वर्षांत कुणी दिपमालाकडे असं नीट पाहिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा तसाच राहिला. ते पाहून पुनम घाबरली आणि तिने आत्याचा हात घट्ट धरला.

पुनमच्याच आग्रहाने ज्ञानेश्वर बायकोला घेऊन धुळ्याला गेला. तिथल्या मेंदूविकाराच्या डॉक्टर ज्योती मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी दिपमालाला अंगठ्यावर बोट भराभर आपटायला लावलं, मूठ उघड-मीट करायला लावली, बाहेरच्या बोळात चालून दाखवायला सांगितलं. मग म्हणाल्या, "हा पार्किन्सन आहे."

"तो तर म्हाताऱ्या माणसांना होतो ना, मॅडम?" ज्ञानेश्वर म्हणाला.

"बहुतेकदा. पण तरुणपणी सुरू झाला तर कधीकधी कारण जनुकात असतं. त्यासाठी रक्त बाहेर पाठवावं लागेल, निकालाला वेळ लागेल. तोवर गोळी सुरू करू. लहान डोस. जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची, विसरायचं नाही. घरात आणखी कुणाला असं काही होतं?"

दिपमाला आधी नाही म्हणाली. मग तिला उखर्डू आबा आठवले, वडिलांचे थोरले भाऊ. पाय घासत चालायचे, भिंतीला टेकून राहायचे, कुणी हाक मारली तर वळायला वेळ लावायचे. त्यांना बाहेरचं लागलंय असं म्हणून त्यांचं लग्नच कुणी केलं नाही. ते गोठ्याशेजारच्या खोलीत राहिले आणि तिथेच गेले. त्या माणसाला कधी कुणी गोळी दिली नव्हती.

गोळ्या सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील. संध्याकाळी बाजार समितीत मक्याच्या गोण्यांचं माप चाललं होतं. ज्ञानेश्वरने मान वर केली तर फाटकातून दिपमाला येताना दिसली. एकटी, दोन्ही हात हलवत. तो काटा तसाच सोडून धावला.

"घरी काही झालं का?"

"काही नाही. पाय चालत होता, म्हणून चालत आले."

व्यापारी, हमाल सगळे बघत होते. ज्ञानेश्वर तिथेच गोणीवर बसला आणि टॉवेलने तोंड पुसत राहिला.

निकाल आला तेव्हा धुळ्याला दिपमालाबरोबर पुनम होती. ज्ञानेश्वरला हंगामात सुट्टी मिळाली नव्हती. ज्योती मॅडमनी त्या दिवशी मात्र खुर्ची पुढे ओढली आणि समजावून सांगायला वेळ दिला.

"आपल्या पेशीत ऊर्जा तयार करणारे बारीक बारीक भाग असतात, तंतुकणिका. त्या झिजतात, बिघडतात. पेशी त्यातल्या बिघडलेल्या तेवढ्या निवडते, मोडते आणि निघालेला माल नवं बांधायला वापरते. हे सतत चाललेलं असतं, तुमच्या-माझ्यात, आत्ताही. त्या निवडीच्या कामातलं एक प्रथिन तुमच्या शरीरात नीट बनत नाही. मेंदूतल्या ज्या पेशी हालचाल सांभाळतात त्यांना ऊर्जा फार लागते. बिघडलेला माल तिथे साचला की त्या लवकर थकतात आणि मरतात. आज आम्हाला एवढं कळलेलं आहे, सगळं अजून उलगडलेलं नाही. पण तुमच्यासारख्यांचा आजार सहसा फार सावकाश वाढतो, आणि थोड्या औषधानेही फरक पडतो. तो तुम्ही पाहिलाच." मग थांबून त्यांनी विचारलं, "तुमचे आईवडील नात्यातले होते का?"

"हो. माझी आई वडिलांच्या मामाची मुलगी."

"या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच खराब असेल तर माणसाला काही होत नाही. तुमच्या दोन्ही खराब आहेत. म्हणजे तुमच्या मुलाकडे एक खराब प्रत नक्की आहे. त्याला स्वतःला त्रास नाही. त्याची बायको नात्याबाहेरची असली तर पुढच्या पिढीची काळजी जवळपास नाही."

"आणि नात्यातली असली तर?"

हा प्रश्न पुनमने विचारला होता. दिपमालाने तिच्याकडे बघायचं टाळलं. डॉक्टरांना काय ते कळलं असावं. त्या हळू म्हणाल्या, "तिच्याकडेही तीच खराब प्रत असली, तर होणाऱ्या प्रत्येक मुलामागे या आजाराची चारात एक शक्यता. तिची तपासणी करता येते."

दोघी बाहेर बोळातल्या बाकावर बसल्या. समोरून रुग्णांची ये-जा चाललेली. मग दिपमालाने विचारलं ते भलतंच होतं.

"पुनम, पण कोणती खराब आहे, हे पेशीला कळतं कसं? तिला काय डोळे आहेत?"

पुनमला हायसं वाटलं. हे तिला येत होतं. "एक प्रथिन असतं. ते सारखं तंतुकणिकेच्या दाराशी येत असतं. कणिका चांगली असेल तर त्याला आत ओढून घेते आणि संपवून टाकते. बिघडली की तिच्यात आत ओढायची ताकद उरत नाही. मग ते दाराशीच साचायला लागतं."

दिपमालाने थोडा विचार केला. "आमच्या गल्लीतल्या कुंदाबाईंसारखं. न्हाणीत पडल्या होत्या त्या. दुपार झाली तरी दुधाची पिशवी कडीलाच लटकलेली. त्यावरून शेजारच्यांना कळलं, आत काहीतरी बिनसलंय."

"हो, तसंच. आता पिशवी बघून जो शेजारी पुढे होतो आणि दारावर खूण करतो, तो तुझ्याकडे नाही. खूण झाली असती तर एका पडद्याने ती कणिका चारी बाजूंनी गुंडाळली असती आणि लयकारिकेत, म्हणजे पेशीच्या मोडतोडीच्या कोठीत नेली असती. तिथे ती विरघळते, आणि मोकळा झालेला माल परत कामाला येतो."

"आणि गोळीने तो शेजारी येतो?"

"नाही गं. मेंदूत जे रसायन कमी पडतंय त्याची गोळी भर घालते. शेजारी आणायचं औषध अजून नाही. शोधतायत लोक, सगळ्या जगात."

"शोधू दे," दिपमाला म्हणाली. मग तिने पुनमचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि जे बोलायचं होतं ते बोलली. "तुला मी सून करणार नाही."

पुनमने मान डोलावली. रडली नाही ती.

खरी परीक्षा पुढेच होती. दिपमालाने भावाला फोन केला. अर्धवट समजलेल्या गोष्टीचा फोनवर असा विचका झाला की सांगता सोय नाही. रविंद्रला एवढंच ऐकू आलं की बहीण आपली मुलगी नाकारते आहे. "मनी पोर नाकारी राह्यनी तू? सरळ सांग ना, पोऱ्याने दुसरी पाहिली म्हणून! आपला घराणामा दोष शे, असं गावभर सांगशी का?" आणि त्याने फोन ठेवला. मग राखीला तो आला नाही. दिवाळीला बोलावणं आलं नाही. पुनम मधल्या मध्ये घुसमटली. ती वडिलांना समजावायला गेली की ते म्हणायचे, "तू लहान शेस." 

प्रेमराजला आईने सांगितलं तेव्हा तो कूलरची मोटर खोलून बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाला, आणि पुन्हा मोटर जोडू लागला. जोडून झाली, चालूही झाली, तरी तो तिथून उठला नाही. दिपमालाला तेव्हा पहिल्यांदा कळलं की पोराने मनात बरंच काही ठरवून ठेवलं होतं. ठरवलेलं मोठ्यांनी, आणि मोडायचं पण मोठ्यांनी. ती त्याच्याजवळ बसली. "तुझ्या बाजूने मी काहीच विचारलं नाही रे," ती म्हणाली. तो म्हणाला, "आई, उद्या माझ्या पोराला तुझ्यासारखं लंगडताना मला नाही बघवणार."

थंडी सरता सरता दिपमाला एकटीच साक्रीला निघाली. धुळ्याला बस बदलली, साक्रीहून काळीपिवळी जीप. आठवडे बाजाराचा दिवस होता, गाडीत कांद्याच्या पाट्या आणि कोंबड्या. खेड्याच्या फाट्यावर उतरून ती चालत घराकडे गेली. रविंद्र अंगणात बैलाला पाणी दाखवत होता. त्याने बहिणीला लांबून येताना पाहिलं. आखाजीला भिंत धरून चालणारी आक्का डोक्यावर पिशवी घेऊन, दोन्ही पाय नीट टाकत येत होती. तो बघतच राहिला. भांडायचं होतं ते त्याला लगेच आठवेना.

भावजयीने पाणी आणलं. दिपमालाने घड्याळ बघून गोळी घेतली आणि ओट्यावर बसली.

"हाऊ पाय त्या गोळीनी सुधारना?" रविंद्रने शेवटी विचारलं.

"त्याच गोळीनी. उखर्डू आबाले हाऊच आजार व्हता, रविंद्र. त्यास्ले बाहेरनं काही नही लागनं व्हतं. कोणी डॉक्टरकडे नेलं नही, बस."

उखर्डू आबांना जेवणाचं ताट लहानपणी रविंद्रच नेऊन द्यायचा. त्यांचा हात थरथरायचा म्हणून घासही भरवायचा.

"ते मनासंगे बोलायचे," तो म्हणाला. "त्यास्ना डोकं चांगलं व्हतं. बठ्ठं समजे त्यास्ले."

"मंग? यामा दोष कोनाच नही. पोरले मी कशी नाकारू? ती मनी बी शे. पण तिना पोटी उखर्डू आबा जन्मले यावा, आणि आपण परत लिंबू उतारत बसूत, हाई मले नही चालाव."

बैलाचं पाणी पिऊन झालं होतं आणि तो मान हलवत उभा होता. मग रविंद्र आत गेला, बंडी घालून बाहेर आला आणि म्हणाला, "मन्हं बी रगत घ्या. पाहू तरी काय शे ते."

पुढच्या आठवड्यात रविंद्र आणि पुनम दोघेही धुळ्याला येऊन रक्त देऊन गेले. निकाल लागला. रविंद्रकडे एक खराब प्रत होती, आणि तीच पुनमकडे आली होती. ज्योती मॅडमनी दोघांना पुन्हा पुन्हा सांगितलं की याने तुम्हाला काही होणार नाही, फक्त पुढे पुनमच्या लग्नाच्या वेळी मुलाची तपासणी करून घ्या, नात्यातला असेल तर नक्कीच. रविंद्रने सगळं ऐकलं आणि बाहेर येऊन बहिणीला फोन केला. "आक्का, तुनं खरं व्हतं," एवढंच म्हणाला. मग विचारलं, "जेवली का?" भावाबहिणीचं भांडण असंच मिटतं.

त्यानंतर रविंद्र स्वतःच भावकीत बोलू लागला. जिथे आते-मामे भावंडांचं लग्न जमत असेल तिथे जाऊन तो उखर्डू आबांची हकिगत सांगायचा. काही ऐकायचे, काही त्याला वेड्यात काढायचे. पण रविंद्रच्या आत्याकडच्या एका दूरच्या घरातली तरुण मुलगी, जिची मान आणि पाय असेच वळायचे आणि जिला वर्षभर देवदेवस्की चालली होती, ती त्याच्या सांगण्याने दवाखान्यात पोचली. तिचं निदान वेगळंच निघालं, पण औषध निघालं.

दिपमालाचा आजार गेलेला नाही. गोळीचा डोस मध्ये एकदा वाढवला तर अंग आपोआप झुलायला लागलं, म्हणून परत कमी करावा लागला. गोळी आणि जेवण यांची वेळ चुकली की पाय पुन्हा रुसतो. मोठ्या लग्नाचं काम ती आता एकटी घेत नाही. गल्लीतल्या दोन बायकांना तिने हाताशी धरून शिकवलंय. त्या मांडे झुलवतात, ती खापराजवळ बसून जाळ सांभाळते आणि हात हलका असला की एखाद-दोन स्वतः टाकते. रोज सकाळी ती रेल्वे फाटकापलीकडच्या मैदानात भराभर चालते. चालण्याने फायदा होतो असं मॅडम म्हणतात, आणि तिलाही ते जाणवतं. गल्लीत आता कुणी काही बोलत नाही. उलट कुणाचा हात थरथरायला लागला की बाया तिच्याकडे चौकशीला येतात.

प्रेमराजचं लग्न पारोळ्याकडच्या, नात्याबाहेरच्या मुलीशी ठरलं. मुलगी त्याने स्वतः पाहिली आणि पहिल्याच भेटीत आईच्या आजाराचं आणि स्वतःच्या जनुकाचं सगळं तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "तपासणी करू की. त्यात काय." पत्रिका छापून आली तेव्हा दिपमालाने ठरवलं, पुनमला पत्रिका आपण स्वतः नेऊन द्यायची.

पुनम आता जळगावला एम.एस्सी. करत होती. पांढऱ्या कोटात ती आत्याला घ्यायला दारापर्यंत आली. पत्रिका हातात घेऊन तिने नावं वाचली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "प्रेमदादाला सांग, मी हळदीपासून येणार आहे." ती हसली, आणि हसू खरं होतं. मग ती आत्याला आत घेऊन गेली. तिथे एका सूक्ष्मदर्शकाखाली तिने पावात घालतात त्या यीस्टच्या पेशी ठेवल्या होत्या. त्यांना उपाशी ठेवलं होतं.

"बस इथे. हे चाक हळूहळू फिरव. स्पष्ट दिसलं की थांब."

दिपमालाने दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली आणि चाक फिरवलं. आधी सगळं धूसर होतं, मग गोल गोल पेशी दिसल्या. प्रत्येकीच्या पोटात एक मोठी मोकळी जागा, आणि त्या जागेत काळसर ठिपके एकसारखे थिरकत होते.

"ते ठिपके म्हणजे पेशीने आपलंच काहीबाही गुंडाळून आत आणलेलं आहे," पुनम सांगत होती. "एरवी ते लगेच विरघळतं, दिसत नाही. मी एक रसायन घालून विरघळणं थांबवलंय, म्हणून दिसतंय."

"यातलं बिघडलेलं कोणतं आणि चांगलं कोणतं?"

"उपाशी पेशी हाताला येईल ते मोडून खाते, ती निवडत बसत नाही. बिघडलेलं निवडून काढतात ते मला अजून बघायचं आहे. त्याला वेगळी तयारी लागते. पुढच्या वर्षी करायचं ठरवलंय मी."

दिपमाला बराच वेळ डोळा लावून बसली होती. मागून एक सर आले, त्यांनी विचारलं, "या कोण?" पुनम म्हणाली, "माझी आत्या." दिपमालाने मान वर केली, नमस्कार केला आणि पर्समधून गोळी काढली, कारण जेवायला अजून अर्धा तास होता. पुनमने पाण्याची बाटली उघडून दिली. मग दोघी कॅन्टीनकडे निघाल्या, आणि जिन्यात दिपमाला तिला नव्या सुनेबद्दल सांगू लागली.